पाहुण्याची झडती

परदेशचा व्हिसा नाकारला गेल्याची तक्रार कोणी केली, कीं आपल्यांतीलच शहाणे लोक त्यास एक ठराविक उत्तर देतात : 'ज्याचें घर त्याची मर्जी. दार उघडावयाचें कीं नाहीं हें घरधन्यानें ठरवावें. त्यांत राग कसला मानावयाचा?' हें उत्तर आम्हीं इतक्या सुशिक्षित मुखांतून ऐकलें आहे कीं, त्याचा एकदां समाचार घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

घराचा दृष्टांत घ्यावयाचा तर तो पुरता घेतला पाहिजे. दारीं आलेल्या मनुष्यापासून आधीं पैसे घ्यावे, त्याच्या बँकेंतील खात्याचे उतारे मागावे, दहाही बोटांचे ठसे उमटवून घ्यावे, पंधरवडा-महिना त्यास तिष्ठत ठेवावें, आणि अखेर 'तूं परत जाशील असा आमचा विश्वास नाहीं' असें सांगून दार लावतांना पैसे मात्र ठेवून घ्यावे, असा घरधनी आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. युरोपांतील शेंगेन करारांत सामील झालेल्या राष्ट्रांची रीत मात्र हुबेहूब हीच आहे. ११ जून २०२४ पासून त्यांच्या अल्पमुदतीच्या व्हिसाची फी प्रौढ मनुष्यास ८० युरोंवरून ९० युरो झाली. सहा ते बारा वर्षांच्या आंतील मुलांस तिची निमपट. अर्ज घेण्याचें काम पुष्कळदां खाजगी कंपन्यांकडे सोंपविलेलें असतें. त्यांचें शुल्क निराळें. शिवाय निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा हवा. अर्ज फेटाळला गेला तर फीपैकीं छदामही परत मिळत नाहीं. हातीं येतो तो एक छापील कागद. त्यांत चौकोनांची रांग, आणि एखाद्या चौकोनांत खूण. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वीं अर्जदार मुलूख सोडून जाईल याविषयीं वाजवी संशय आहे, अशा अर्थाचा एक चौकोन त्यांत आहे. हा संशय कशावरून उत्पन्न झाला, हें त्या चौकोनास ठाऊक नसतें. अपिलाचा हक्क आहे. पण तें त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणें करावयाचें, आणि निकाल लागेपर्यंत ज्या प्रसंगासाठीं जावयाचें तो प्रसंग बहुधा होऊन गेलेला असतो. अमेरिकेनें तर कायद्यांतच लिहून ठेविलें आहे कीं, तात्पुरता येऊं पाहणारा मनुष्य कायमचा राहण्यासाठींच येत आहे असें धरून चालावें, व तसें नाहीं हें त्यानें सिद्ध करावें. चोरासही न्यायालय पुरावा होईपर्यंत निर्दोष मानतें. पाहुण्यास तेवढीही सवलत नाहीं.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी, आयुष्यभर महाविद्यालयांत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, यांची कन्या युरोपांतील एका शहरीं प्रसूत व्हावयाची होती. पतिपत्नींनीं बरोबरच अर्ज केले. पत्नीस व्हिसा मिळाला, त्यांस नाकारला; कारण वरचाच चौकोन. स्वतःचें घर, नियमित पेन्शन, गुडघे दुखत असतांही न चुकणारी सकाळची टेकडी, असा हा सत्तरीचा गृहस्थ परक्या देशांत चोरून राहून करणार काय होता? बाई एकट्या गेल्या, आणि हे तीन महिने डबा खात राहिले. आम्हीं अपिलाची गोष्ट काढली तेव्हां ते म्हणाले, 'जाऊं द्या हो. माझेच कागद कोठें तरी कमी पडले असतील.' नकारापेक्षां या उत्तरानेंच आम्ही अधिक अस्वस्थ झालों.

ही व्यवस्था सनातन आहे असेंही कोणी समजूं नये. १९१४ पूर्वीं युरोपच्या बहुतेक भागांत पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. स्टेफन त्स्वाइगनें आपल्या आत्मचरित्रांत, पासपोर्टाचें तोंडही न पाहतां आपण हिंदुस्थान व अमेरिका पाहून आलों, असें सांगितलें आहे. महायुद्धांत ही तपासणी सर्वत्र सुरू झाली. १९२० सालीं राष्ट्रसंघानें पॅरिसला परिषद भरविली, तेव्हां ही युद्धकालीन अडचण पुढेंमागें दूर व्हावी अशीच अपेक्षा होती. पण जें टिकलें तें तेथें सुचविलेलें एकसारख्या नमुन्याचें पुस्तक. त्याच सालीं हिंदुस्थानांतही पासपोर्टाचा कायदा झाला. कागदाच्या जोरावर मनुष्य कसा अडवितां येतो, याचा अनुभव महाराष्ट्रास त्याच्याही आधीं आला होता. १९१८ सालीं लोकमान्य टिळक व त्यांचे सहकारी होमरूलच्या कामासाठीं विलायतेस निघाले. ते कोलंबोस पोहोंचले असतां त्यांचे पासपोर्ट रद्द करण्यांत आले, आणि मंडळी परत फिरली.

कित्येक लोक व्हिसा घेऊन जातात व परत येत नाहींत, खोटे कागद करून देणारे दलालही आपल्याकडे आहेत, हें आम्हांस मान्य आहे. पण ही परीक्षा मनुष्याच्या वर्तनाची आहे काय? गोव्यांत १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं जन्मलेल्यांस व त्यांच्या मुलानातवंडांस पोर्तुगालचें नागरिकत्व मागतां येतें. म्हापशाच्या एकाच आळींतील दोन शेजारी घ्या. एकानें आजोबांचा जन्मदाखला शोधून काढला, तो विनाव्हिसा पॅरिसला उतरतो. दुसरा बँकेचे उतारे घेऊन रांगेंत उभा राहतो. पहिल्याची सचोटी त्या दाखल्यानें किती वाढली? एप्रिल २०२४ पासून, तीन वर्षांत दोन व्हिसा नियमानें वापरणाऱ्या भारतीयास दोन वर्षांचा व्हिसा देण्याचें युरोपनें ठरविलें, हें चांगलेंच झालें. परंतु ज्यास पहिलाच मिळत नाहीं त्यानें आपली सचोटी दाखवावी कोठें?

आतां थोडें आपल्या घराकडे. आमचें सरकारही परकीय प्रवाशांपासून ई-व्हिसाची फी घेतें, व नकार दिल्यास ती परत करीत नाहीं. परदेशीं जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं सांगितलें, आणि १९७८ सालीं मनेका गांधी यांच्या खटल्यांत तें अधिक जोरानें मांडलें. तरीही दहावी उत्तीर्ण न झालेल्या व इतर सवलतींत न बसणाऱ्या नागरिकाच्या पासपोर्टावर निराळी नोंद असते, आणि आखाती देशांत मजुरीस जावयाचें तर त्यास आपल्याच सरकारची अनुमति लागते. मजुरांची फसवणूक होऊं नये हा हेतु आम्ही नाकारीत नाहीं. पण जानेवारी २०१८ मध्यें अशा लोकांस नारिंगी रंगाचा पासपोर्ट देण्याचा बेत जाहीर झाला, त्यांत कोणतें संरक्षण होतें? टीका झाल्यावर तो त्याच महिन्यांत मागें घेतला गेला. ही टीका मुख्यतः मजूर ज्या प्रांतांतून जातात तेथून उठली. आमच्या परिचयाच्या दिवाणखान्यांत तिचा उल्लेखही आम्हीं ऐकला नाहीं.

नकार दिल्यास फी परत करावी, आणि नकाराचें कारण चौकोनांत नव्हे तर वाक्यांत लिहून द्यावें, एवढ्या दोन मागण्या व्यापारी वाटाघाटींच्या वेळीं आपल्या सरकारनें पुढें मांडाव्या, आणि त्याच दिवसापासून स्वतःही पाळाव्या. यांत कोणाच्या घराचें दार मोडत नाहीं. आमच्या त्या सहकाऱ्यांचा नातू आतां चालूं लागला आहे. त्यांनीं दुसरा अर्ज अद्याप केलेला नाहीं.