डार्विनला अप्रेझलमध्ये ओढू नका

परवा ऑफिसात टाउनहॉल झाला. शेवटच्या स्लाइडवर तेच ते चित्र: माकडापासून माणसापर्यंत एका रांगेत चाललेले पाच-सहा जण, आणि खाली ठळक अक्षरात 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट'. तळातल्या दहा टक्के लोकांना नारळ का दिला, याचं हे म्हणे शास्त्रीय उत्तर! त्या दहा टक्क्यांत माझ्या शेजारी बसणारा मित्र होता. त्याचा गुन्हा काय, तर क्लायंटने प्रोजेक्ट गुंडाळलं आणि रेटिंगच्या वेळी तो नेमका बेंचवर होता. आणि आम्ही सगळे बी.ई., एम.सी.ए. वाले गुमान माना डोलावत होतो.

मुळात हा शब्दप्रयोग डार्विनचा नाहीच. तो हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली काढला. डार्विनने १८६९ साली आपल्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत तो उचलला. आणि 'फिट' म्हणजे जिममधला पहिलवान नव्हे, की वर्गातला पहिला नंबरही नव्हे. त्या जागी, त्या काळात ज्याची पिल्लं जास्त जगली-वाढली, तो फिट. बस्स.

आता खरी नैसर्गिक निवड कशी दिसते ते बघा. गालापागोसमध्ये डॅफ्ने मेजर नावाचं चिमुकलं बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून कित्येक वर्षं तिथले फिंच पक्षी मोजत होतं. अगदी चोची मोजण्यापर्यंत! १९७७ साली दुष्काळ पडला. बारीक बिया संपल्या, उरल्या त्या कठीण कवचाच्या. त्यात आपल्याकडच्या सराट्याच्या भाऊबंदाची काटेरी फळंही होती. ती फोडायला जाड चोच लागते. एका जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. जगले त्यांत जाड चोचीवाले जास्त, आणि चोचीची जाडी आनुवंशिक असल्याने पुढच्या पिढीची सरासरी चोचही जाड झाली.

यात एकाही पक्ष्याची चोच जिद्दीने वाढली नाही. कुणी 'अपस्किल' झालं नाही. बदलली ती पक्ष्यांच्या समूहाची सरासरी, तीही मेलेल्यांना वजा करून.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. १९८३ साली एल निनोमुळे धो धो पाऊस पडला, बारीक बियांचा सुकाळ झाला. पुढच्या कोरड्या वर्षांत छोट्या चोचीवाले वरचढ ठरले. २००४-०५ साली पुन्हा दुष्काळ. एव्हाना बेटावर मोठ्या चोचीची दुसरी जात वस्तीला आली होती आणि मोठ्या बिया तीच फस्त करत होती. यावेळी मेले ते आपले जाड चोचीवाले! १९७७ चे 'टॉप परफॉर्मर' २००५ मध्ये तळाला.

म्हणजे रांग कुठेय? शिखर कुठेय? निवड पुढचं बघत नाही, तिला ध्येय नाही, आणि ती कुणाला शाबासकीही देत नाही.

आता यावरून 'बघा, निसर्गही वैविध्य जपायला सांगतो' असा उलटा धडा मी काढणार नाही. निसर्ग काहीच सांगत नाही. दुष्काळात पक्षी मेले हे सत्य आहे. ते मरायला हवे होते, असं त्यातून निघत नाही. हाच फरक त्या स्लाइडने गिळून टाकला.

आपण दहावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकतो, म्हणून असल्या थापा पचतात. २०२२-२३ मध्ये एनसीईआरटीने तर दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भागच वगळला. बारावीच्या बायॉलॉजीत तो ठेवला, पण तिथवर इंजिनिअरिंगवाले पोचतातच कुठे? २०२३ साली १८०० हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. ते उगाच नव्हे. न शिकवलेली उत्क्रांती अशी स्लाइडवरून शिकावी लागते.

दुष्काळ कुणी मीटिंग घेऊन ठरवत नाही. दहा टक्क्यांचा आकडा मात्र कुणीतरी एक्सेलमध्ये टाइप केला होता. पैसे कमी पडले असतील, धंद्यात होतं तसं. मग तसं सांगा ना! निर्णय तुमचा, सही तुमची. त्या म्हाताऱ्याच्या दाढीआड कशाला लपता?

असो. मित्राला पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे नोकरी लागलीय. तो काही फिट झाला नाही. होता तसाच आहे. पाऊस बदलला, इतकंच.