सेवा की वेठ?

पेठ तालुका हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील डोंगराळ मुलूख. येथील वस्ती बहुतांशी आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली हे समाज विखुरलेल्या पाड्यांवर राहतात. पावसाळ्यात नाले भरले म्हणजे पाडा आणि दवाखाना यांतील अंतर कोसांत मोजून भागत नाही. अशा वेळी गरोदर स्त्रीच्या दारी पोचते ती आशा सेविका, आणि उपकेंद्रात तिची वाट पाहते ती परिचारिका. या स्त्रियांच्या श्रमाला कायद्यात स्थान कोणते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले व त्यातून आशा निर्माण झाली. तिला कर्मचारी म्हटले नाही, स्वयंसेविका म्हटले. वेतन दिले नाही, कामागणिक मोबदला ठरविला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. परंतु गौरवाने चूल पेटत नाही. त्यानंतर दोन वर्षे उलटण्यापूर्वीच महाराष्ट्रातील आशांना पोटासाठी संप करावा लागला.

ही रीत आपल्या समाजाला नवी आहे काय? महारकीत काम सरकारचे आणि गावाचे, वेळ रात्रंदिवस, आणि वेतन मागितले की उत्तर एकच : हा तुमचा मान आहे, वतन आहे! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले; कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. जन्माने लादलेले वतन आणि स्वखुशीने पत्करलेले काम एक नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु श्रमाला गोड नाव देऊन त्याचा दाम बुडविण्याची युक्ती तीच आहे. तेव्हा शब्द 'मान' होता, आता 'मानधन' आहे.

कोणी म्हणतील, रुग्णसेवा हे करुणेचे काम, तेथे पैशाची भाषा शोभत नाही. मग डॉक्टरने फी घेतल्याने त्याची करुणा आटते काय? त्याग करावा असा उपदेश नेहमी खालच्या पायरीवरील स्त्रीलाच का व्हावा?

कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली आहे. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे हीदेखील वेठच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात ठरविले. परंतु किमान वेतन मागावयाचे तर आधी कामगार ठरावे लागते. येथेच घोडे अडते. अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असे त्याच न्यायालयाने २००६ साली म्हटले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये मात्र अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान मिळालेच पाहिजे आणि त्यांचे मानधन हे १९७२ च्या उपदान कायद्याच्या अर्थाने वेतनच होय, असा निर्णय झाला. तो आशांविषयी नव्हता. पण शब्दाचा पडदा कसा फाडावा हे त्याने दाखविले. योजनाकर्मींना कामगार मानावे, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली आहे.

खाजगी रुग्णालयांतील परिचारिकेची स्थितीही बरी नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली. पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे, असे तिने सुचविले. पण ती शिफारस आहे. कायद्याचे बळ तिला राज्याने द्यावयाचे असते. ते देण्यास राज्याला भाग पाडणे हे संघटनेचे काम.

आपल्या मुली या व्यवसायात जात आहेत. त्यांच्या मातापित्यांना माझे सांगणे असे. एखाद्या नर्सिंग होममध्ये पांढरा झगा घालून उभे राहिल्याने मुलगी परिचारिका होत नाही. मान्य अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी यांनीच ती होते. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जनरल नर्सिंगचा तीन, बी.एस्सी.चा चार. पहिल्या पायरीवरच थांबू नका. प्रवेशासाठी लागणारा जातीचा दाखला व पडताळणी प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आहेत. नेमणुकीचे पत्र लेखी घ्या. मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या ताब्यात देऊ नका. अंगावर कोणी हात टाकला तर गप्प बसू नका. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे.

आणखी एक. रुग्णाचे मलमूत्र काढणाऱ्या हाताला हलके समजण्याची खोड ज्या विटाळाच्या कल्पनेतून आली, ती आपण टाकून दिली आहे. मग आपल्या घरात तरी परिचारिकेच्या कामाला कमी लेखू नये. आणि पेठच्या पाड्यावरची आशा आपल्या जातीची नाही, म्हणून तिच्या मागणीपासून दूर राहू नये. वेठ कोणाचीही असो, ती मोडणे हे वेठ भोगलेल्या समाजाचे पहिले कर्तव्य आहे.