जुना आवाज, मोठे काम

बोलता येणे ही अल्लाहने माणसाला दिलेली फार मोठी देणगी. ती गेली की तिची किंमत कळते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ मध्ये गेली आणि पुढे यंत्र त्यांच्या वतीने बोलू लागले. डेनिस क्लॅट या संशोधकाने तो आवाज मुळात स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. नंतर जास्त गोड आवाज निघाले, तरी हॉकिंगनी तो सपाट आवाज सोडला नाही. जुनी यंत्रे मिळेनाशी झाली, तेव्हा अभियंत्यांनी तोच आवाज एका छोट्या नव्या संगणकात पुन्हा उभा केला. २०१८ मध्ये, त्यांच्या निधनाच्या थोडे आधी, हे काम पूर्ण झाले.

आम्हीही घरच्या लॅपटॉपवर असाच एक जुना आवाज बसवून पाहिला. त्याचे नाव ई-स्पीक. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकासाठी त्याची पहिली आवृत्ती लिहिली. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, अगदी लहान आहे, इंटरनेटशिवाय चालते आणि मराठी-उर्दू दोन्ही वाचते.

यात कोणी बोललेले शब्द साठवलेले नसतात. घशा-तोंडाच्या पोकळीत स्वर कसा घुमतो, त्याच्या नियमांवरून आवाज तयार होतो. आपली मुले तजवीद शिकताना कोणते अक्षर घशातून आणि कोणते जिभेच्या टोकाने निघते, हे मखारिज पाठ करतात. सीबवैहने आठव्या शतकातच अरबी अक्षरांची ही स्थाने लिहून ठेवली. संगणकालाही तेच ज्ञान लागते.

पण नियम पुरत नाहीत. उर्दूत जेर-पेश सहसा लिहीत नाहीत, म्हणून 'इस' आणि 'उस' एकसारखेच दिसतात. मराठीत पाण्याचा 'जग' आणि आपण राहतो ते 'जग' लिहिताना एकच, उच्चार मात्र वेगळे. माणूस अर्थावरून ओळखतो, यंत्र अडखळते. म्हणून कुरआन पठण मुलांना उस्तादांसमोर बसूनच शिकू द्यावे, या आवाजाकडून नाही.

मात्र अंधांसाठी हा आवाज मोलाचा आहे. मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हे पडद्यावरचे वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर सुरू केले. त्यात ई-स्पीक असतोच. वेग खूप वाढवला तरी त्याचे शब्द स्पष्ट राहतात, म्हणून अनेक अंध वाचक गोड आवाजापेक्षा हाच पसंत करतात.

आपल्या मोहल्ल्यात नजर गेलेले एखादे मूल शाळा सोडून घरी बसले असेल. घरात जुना विंडोज संगणक पडून असेल, तर तो तपासून त्यावर एनव्हीडीए बसवून द्या आणि चार दिवस शेजारी बसून कळफलक शिकवा. पुस्तक वाचून दाखवायला त्याला मग दर वेळी कोणाची वाट पाहावी लागणार नाही.