त्याच केसपेपरवर मनाचेही दुखणे लिहा



कर्वेनगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी वर्षभर दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या. झोप नाही, छातीत धडधड, अन्नावरची वासना गेलेली. रक्त तपासले, ईसीजी काढला, ताकदीची इंजेक्शने टोचून झाली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. "काकू, हल्ली कशात मन लागतं का?" एवढे मात्र कुणी विचारले नाही. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी मिळाली. ती अजून पर्समध्येच आहे. "तिथला जिना चढताना कुणी पाहिलं तर?" (ज्या शहरात तिथल्या मनोरुग्णालयामुळे 'येरवड्याला पाठवा' हा अजून विनोद समजला जातो, तिथे ही भीती खोटी म्हणता येत नाही.)

मानसिक आरोग्यसेवा प्राथमिक पातळीपासूनच सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घ्या, असे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ सरकारला बजावते. कायदा मे २०१८ पासून लागू आहे. 'टेलिमानस' या सरकारी दूरध्वनी-समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी आहेच. पण काकू बोलतील त्या नेहमीच्या दवाखान्यात, ओळखीच्या माणसाशी.

डॉक्टरांना वेळ नाही, हे मान्य. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन दवाखान्यातच बसवले. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांतले नैराश्य-चिंतेचे सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. समुपदेशक नव्हते तिथे हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणूनच सुरुवात महापालिकेच्या दवाखान्यांपासून व्हावी.

माणसे कुठून आणायची? समाजकार्याचे शिक्षण देणारी कर्वे समाज सेवा संस्था आमच्या कर्वेनगरातच आहे. विद्यार्थ्यांना फुकट राबवा, असे मी म्हणत नाही. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्यांसाठी पगारी जागा काढा. समुपदेशन व्हावे आठवड्यातून दोन सकाळी, बीपी-शुगरच्याच रांगेत, त्याच केसपेपरवर. वेगळी खोली हवी, पण तिच्यावर पाटी नको. आजार गंभीर असेल तर पुढे तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि सुरू झालेल्या गोळ्या त्याच खिडकीवर मिळाव्यात. नाहीतर चिठ्ठी पुन्हा पर्समध्येच राहील.

महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात यासाठी तरतूद करावी आणि वारजे-कर्वेनगरमधल्या निदान एका दवाखान्यात हे सुरू करून दाखवावे.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे