जकात आणि गावची शाळा

रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना अनेक घरांत ठरतं, यंदा एखाद्या गरीब मुलाची फी भरू. काम नेकच आहे; कुरआनचा पहिला आदेशच वाचनाचा आहे. पण फीने एक मूल पुढे जातं, गावची शाळा आहे तिथंच राहते.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच दुखणं मांडलं होतं. कर शेतकरी भरतो, शिक्षणावरचा पैसा वरचे वर्ग नेतात. म्हणून बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

आज ऐपतवाले जिल्हा परिषदेची शाळा सोडतात. आम्ही प्राध्यापकही अपवाद नाही. मग तिथं शिक्षक कमी पडले तर विचारणार कोण?

भांडगावच्या आसपास, दौंडच्या ऊसपट्ट्यात तोडणीसाठी कुटुंबं येतात. शिक्षण हक्क कायद्याने कोपीवरच्या मुलाला वर्षाच्या मध्येही वयानुसार वर्गात प्रवेश आहे. तो मागायला सोबत कोणी तरी हवं.

जकात हा आपल्या कमाईतला गरिबाचा हक्क आहे, उपकार नव्हे. शाळाही तशीच. अडीच टक्के जरूर द्या. आणि त्या मुलाचा हात धरून शाळेपर्यंतही जा. देशाची बरकत त्याच वाटेने येईल.