वाट सगळ्यांची : सायकलवरची मुलगी आणि वस्तीवरचा कुत्रा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बायकांची बैठक कुठेही घ्या, रस्त्याचा विषय निघतोच. पाणी, रेशन, दारू, मारहाण यांच्या जोडीला तो असतो. बहुतेक वेळा तो खड्ड्यांच्या नाहीतर एस.टी.च्या फेऱ्यांच्या अंगाने निघतो. या लेखात त्याच रस्त्याची एक छोटी, हसण्यावारी नेली जाणारी बाजू मांडायची आहे. शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुली, वाटेवरचे कुत्रे आणि त्या कुत्र्यांना घेऊन चालणाऱ्या बायका यांनी एकच अरुंद वाट कशी वापरायची, हा तो प्रश्न.

'कुत्र्याचा कसला आलाय स्त्रीप्रश्न?' असं आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील. म्हणून आधी इथली वाट कशी आहे ते सांगते. कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांचं पाणी फिरलं तसा पूर्वेकडच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. आज एकेका गावाच्या दहा-पंधरा वस्त्या असतात. वस्तीवर घरं दोन-चार आणि कुत्रे त्याहून जास्त. वस्तीजवळ चौथीपर्यंतची शाळा मिळते, पण हायस्कूल तीन-पाच किलोमीटरवर. एस.टी.चा मोफत पास मुलींना आहे, पण एस.टी. मोठ्या रस्त्याने जाते. ती पाणंदीत शिरत नाही. उरते ती सायकल. आणि सायकलची वाट म्हणजे पाणंद, शिवरस्ता, नाहीतर कालव्याचा भराव. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस आणि मध्ये जेमतेम बैलगाडी जाईल एवढी जागा.

या वाटेवर मुलगी एकटी नसते. डोक्यावर घासाचा भारा घेतलेली बाई असते, तिच्या मागे तिचा कुत्रा असतो. शेळ्या वळणारी म्हातारी असते. दिवाळीनंतर शेतात मेंढ्या बसवायला मेंढपाळांचे वाडे उतरतात, त्यांच्या बायका घोडी, कोकरं आणि कुत्रे घेऊन याच वाटेने चालतात. सुट्टीच्या दिवशी नाणेघाट-माळशेजकडे जाणारे शहरी सायकलस्वारही अलीकडे दिसतात. शहरात टेकडीवर फिरायला येणाऱ्यांमध्ये सायकल आणि कुत्रा यावरून जे खटके उडतात, तेच इथेही उडतात. मात्र इथे त्यांची किंमत वेगळी चुकवावी लागते, आणि ती चुकवतात मुली.

कशी ते पाहा. वस्तीवरचा कुत्रा सायकलच्या चाकामागे धावतो. मुलगी घाबरून जोरात पायडल मारते, तो आणखी जोरात येतो. ती पडते, कधी पोटरीला दात लागतात. घरी गेल्यावर काय होतं? मुलगा असेल तर त्याला दवाखान्यात नेतात, शेजाऱ्याला चार शिव्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी हातात काठी देऊन पाठवतात. मुलगी असेल तर दवाखाना होतो आणि सायकल बंद होते. 'कशाला ती ब्याद? उद्या तोंडाला चावला तर लग्न कोण करील?' असं म्हटलं की विषय संपतो. मग सोडायला-आणायला भाऊ मोकळा असेल त्या दिवशी शाळा. सहामाहीनंतर शाळाच नाही, आणि पुढच्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात. दाखल्यावर कारण लिहितात 'घरगुती'. त्या शब्दाच्या पोटात किती कुत्रे, किती ओढे आणि किती टवाळ पोरं दडलेली आहेत, हे हजेरीपटावरून कधीच कळणार नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. सायकल जाईल या भीतीने मुली चावा लपवतात. किशोरींच्या गटात हा विषय काढला तेव्हा एकीने चार दिवसांपूर्वीची जखम परकराखालून दाखवली. वर हळद दाबून बांधलेली होती. आईला सांगितलं नव्हतं, कारण आई वडिलांना सांगेल आणि वडील सायकल काढून घेतील. तिचा हिशेब तिच्या परीने बरोबर होता. पण रेबीज हा असा रोग आहे की लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. म्हणजे आपल्या घरातला एक नियम मुलीला शाळा आणि जीव यांतलं एक निवडायला लावतो. हा स्त्रीप्रश्न नाही तर काय आहे?

म्हणून प्रत्येक गटाने हे पाठच करावं. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे दंडाच्या कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी मिळते, आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ कधीच गेला. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्यायचं. आणि आयांना सांगायचं, की मुलीने चावा सांगितला तर तिची सायकल जाणार नाही असा शब्द तिला आजच द्या.

आता दुसरी बाजू. कुत्रा पाळणारी बाई ही या गोष्टीतली खलनायिका नाही. नवरा रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला गेलेला, घरात दोन लेकरं, आणि घराच्या तीन बाजूंना ऊस. अशा बाईला कुत्रा हाच काय तो आधार असतो. इथे बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं ते याच तालुक्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं आणि एक वृद्धा गेली, तेव्हा लोकांनी मंचरला महामार्ग अडवला. त्यानंतर पिंपरखेडच्या बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना साऱ्या देशाने पाहिल्या. तो पट्टा मुळात धनगराच्या कुत्र्याचा. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात घालायचा पट्टा बाईच्या गळ्यात आला, यावरून ती कुत्रा मोकळा का सोडते हे समजावं.

पण याच बिबट्यामुळे मोकाट कुत्र्याचा आधार किती खरा, याचाही विचार करावा लागतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरला लागून असलेल्या अकोले भागात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाद्यात वजनाने ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकटे कुत्रेच ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा कुत्र्यांहून कमी. याचा अर्थ वाटेवर आणि अंगणाभोवती मोकाट कुत्रे जितके जास्त, तितकं बिबट्याला वस्तीजवळ खायला जास्त. भुंकून जागं करणारा एखादा कुत्रा उपयोगाचा आहे. उकिरड्यावर वाढणारी दहा कुत्र्यांची टोळी उपयोगाची नाही. ती मुलीला पाडते आणि बिबट्यालाही बोलावते.

मग करायचं काय? गावात दोन उपाय पटकन सुचतात. एक, विष घालणं. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि विषाची भाकरी कुत्रा कुणाचा हे विचारत नाही. मेंढपाळाचा राखणीचा कुत्रा आणि शेजारणीची शेळीही तीच खाते. दुसरा, टेम्पोत घालून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून येणं. हा प्रयोग जुन्नरने बिबट्यांच्या बाबतीत करून पाहिला आहे. २००१ ते २००३ या काळात इथून बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले. वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते ते १७ वर गेले, असं याच संशोधकांनी २०११ मध्ये मांडलं. धोका उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवल्याने तो कमी होत नाही. कुत्र्यांचंही तेच, रिकाम्या जागेवर नवी, लस न टोचलेली टोळी येते.

आणि तिसरा उपाय, जो कुणी उपाय म्हणून बोलत नाही पण घरोघर करतात, तो म्हणजे मुलीला घरी बसवणं. आपली पहिली भूमिका ही असली पाहिजे की हा उपाय चर्चेलाच घ्यायचा नाही.

तो वगळला की वाट वाटून घेण्याची रीत ठरवणं भाग पडतं. ती दोघींनी मिळून ठरवायची. कुत्रा पाळणारीने करायच्या गोष्टी सोप्या आहेत. शाळेच्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी तासभर कुत्रा बांधायचा किंवा कवाड लावायचं. वाटेने सोबत नेताना गळ्यात दोरी असावी, आणि सायकल दिसली की दोरी आखडून कुत्रा उसाच्या कडेला घ्यावा. 'काही करत नाही तो' हे वाक्य बंद करावं. मुलीला ते कसं कळणार? रात्री मात्र कुत्रा उघड्यावर साखळीला ठेवू नये, तो आयता बिबट्याच्या तोंडी जातो. त्याला बंद खोपीत ठेवावं, तिथूनही तो भुंकतोच. वर्षातून एकदा रेबीजची लस टोचावी.

सायकलवालीनेही काही गोष्टी पाळायच्या. भारा घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही, मागून अगदी जवळ येऊन घंटी वाजवली तर ती दचकते, कुत्राही दचकतो आणि उडी घेतो. घंटी वीस-पंचवीस पावलं आधी वाजवावी, हाक मारावी, आणि वाट अरुंद असेल तिथे उतरून चालावं. मेंढरांच्या वाड्याजवळून तर कधीच वेगाने जाऊ नये, राखणीचा कुत्रा वेगालाच चोर समजतो. कुत्रा मागे लागलाच तर पळवायचं नाही. थांबायचं, उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची, त्याच्या डोळ्यांत न बघता हळूहळू पुढे सरकायचं. दगड मारत जाणाऱ्या मुलामुलींना आवरायचं, कारण आज खाल्लेल्या दगडाचा सूड उद्या भलतीवरच निघतो. जमेल तिथे चौघी-पाचजणींनी मिळून जावं. नाणेघाटाकडे जाणाऱ्या पाहुण्यांनाही हेच नियम लागू आहेत. त्यांनी तर अंमळ जास्तच पाळावेत, कारण ती वाट त्यांच्या हौसेची आहे आणि इतरांच्या पोटाची.

इथे एक सावधगिरी हवी. सबुरी आणि समजूतदारपणा ही बायकांकडूनच मागण्याची आपल्याकडे रीत आहे. भारेवालीने बाजूला व्हायचं, मुलीने उतरायचं, आणि मोटरसायकलवाला मात्र हॉर्न दाबून दोघींवर धूळ उडवत जाणार, असं होऊ द्यायचं नाही. आणि शेजारणी-शेजारणींत भांडण लावून पंचायतीने हात झटकावेत असंही नाही. कायदा आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारांतले भटके कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. पण मुलीची शाळा आवाराच्या फाटकापाशी सुरू होत नाही. ती तिच्या दारापासून सुरू होते, आणि मधल्या चार किलोमीटरांबद्दल विचारणं आपल्याकडेच राहतं.

एवढा खटाटोप सायकलसाठी कशाला, असं वाटत असेल तर दोन उदाहरणं आठवावीत. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली. शेतमजूर, खाणमजूर बाया हजारोंनी सायकलवर बसल्या आणि बाजार, पाणी, दवाखाना यांसाठी नवऱ्याची वाट बघणं थांबलं. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळाल्या. नंतरच्या अभ्यासात हायस्कूलमध्ये नाव घालणाऱ्या मुली जवळपास एक तृतीयांशाने वाढल्याचं दिसलं, आणि शाळा लांब असलेल्या गावांत फरक सर्वांत जास्त पडला. आपल्या वस्त्या त्याच प्रकारातल्या आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, कामाला लागू. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते, ती खरी भरवू. त्या सभेत किशोरींना बोलवू आणि कोणत्या वस्तीवर, कोणत्या वळणावर कुत्रे अंगावर येतात याचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घेऊ. चार मागण्या ठेवू : पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत वस्तीवर जाऊन कुत्र्यांना लस, नसबंदीची सोय, वाटेवरचे उकिरडे आणि कोंबड्यांची घाण हटवणं, आणि पाणंदीच्या दोन्ही कडांचं गवत कापून वळणांवर दिवे. पैसे कुठले विचारतील तेव्हा महिला-बालकल्याणाच्या १० टक्क्यांकडे बोट दाखवतील. ते मान्य करायचं नाही. वाट सगळ्या गावाची आहे, तर खर्चही सगळ्या गावाने करावा. आणि वस्तीवरच्या बायकांना वेगळं भेटून शाळेच्या दोन वेळा ठरवून घेऊ. त्यांच्याही मुली त्याच वाटेने जातात, त्यामुळे पटायला फार वेळ लागू नये.