'केली' की 'करवली'? माँटिसेलोच्या घरगुती बिअरचा कर्ता कोण?

१/१३
एप्रिल १८१५. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन जोसेफ कॉपिंजर यांना पत्र लिहितात. कॉपिंजर हे बिअरनिर्मितीवरील ग्रंथाचे लेखक. मी अलीकडेच घरच्या वापरासाठी बिअर तयार करू लागलो आहे, असे जेफरसन त्यांना कळवतात. तेव्हा त्यांचे वय ७२ होते. या वाक्यातील 'मी' तपासून पाहण्याजोगा आहे. त्याचाच हा धागा.

२/१३
व्हर्जिनियातील माँटिसेलो या जेफरसन यांच्या मळ्यावर बिअर नवी नव्हती. १७७२ मध्ये विवाह होऊन मार्था जेफरसन तेथे आल्या. पहिल्याच वर्षी त्यांच्या देखरेखीखाली साधारण दर पंधरवड्याला १५ गॅलन सौम्य बिअर तयार होत असे. त्यांच्या हिशेबवहीत एक जुना सदरा देऊन ७ पौंड हॉप्स घेतल्याचीही नोंद आहे. त्या काळी बिअर हे स्वयंपाकघराचे, म्हणजे गृहिणीच्या अखत्यारीतले काम होते.

३/१३
मार्था १७८२ मध्ये वारल्या. पुढे १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. इंग्लंडमध्ये बिअरचा व्यवसाय केलेले जोसेफ मिलर त्या वेळी अमेरिकेत अडकले. त्यांना किनाऱ्यापासून दूर, माँटिसेलो ज्या परगण्यात होते त्या अल्बेमार्लमध्ये राहावे लागले. जेफरसन यांनी ही संधी साधली. १८१३ च्या शरद ऋतूत माँटिसेलोवर मिलर यांच्या हाताखाली नव्याने बिअर तयार होऊ लागली.

४/१३
मिलर यांच्याकडून ही विद्या शिकले ते पीटर हेमिंग्ज. जन्म १७७०, एलिझाबेथ हेमिंग्ज यांचे पुत्र आणि जन्मापासून गुलाम. त्यांचे थोरले बंधू जेम्स पॅरिसमध्ये फ्रेंच पाककला शिकून आले होते. जेम्स यांनी पीटर यांना तयार केले आणि १७९६ पासून अनेक वर्षे माँटिसेलोचे मुदपाकखाने पीटर यांनी सांभाळले. बिअर हाती घेतली तेव्हा ते त्रेचाळिशीत होते.

५/१३
हे काम काय होते? आधी धान्य भिजवून त्याला मोड आणायचे. मोड नेमके किती वाढू द्यायचे हे ओळखून ते वाळवायचे. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना हीच रीत असते. याला माल्ट म्हणतात. माँटिसेलोवर त्यासाठी गहू वापरला जाई. मग भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवायचा. पाणी कमी तापले तर पिष्टाची साखर होत नाही आणि जास्त तापले तर ती क्रियाच थांबते. त्यानंतर हॉप्स घालून उकळणे, निववणे आणि आंबवणे.

६/१३
आंबवण्याचे रहस्य तर तेव्हा शास्त्रालाही उलगडलेले नव्हते. यीस्ट सजीव आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले गेले ते १८३० च्या दशकात. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ आला १८७६ मध्ये. म्हणजे १८१३ मध्ये पिंप बिघडले तर का बिघडले, हे सांगणारे पुस्तक नव्हते. भरवसा होता तो नाक, जीभ आणि हातांचा.

७/१३
ही गोष्ट जेफरसन यांनीच मान्य केली आहे. जेम्स बार्बर या सिनेटरला माँटिसेलोची एल आवडली होती. त्यांनी कृती मागितली. १८२१ मध्ये जेफरसन यांनी उत्तर दिले : कृती माझ्याजवळ नाही, आणि लिखित कृतीवरून हे काम साधेल याचीही मला शंका आहे. ग्रंथसंग्रहासाठी विख्यात असलेल्या माणसाने दिलेली ही कबुली आहे. ते ज्ञान कागदावर नव्हते, एका माणसात होते.

८/१३
त्याआधी, १८२० मध्ये, जेफरसन यांनी जेम्स मॅडिसन यांना लिहिले होते : शरदात आम्ही ६० गॅलनची तीन पिंपे एकामागून एक तयार करतो, तुमचा माणूस पाठवा, तेवढे धडे मिळतील. आमचा बिअर करणारा असामान्य बुद्धीचा असून शिकवण्यासही समर्थ आहे, असेही ते सांगतात. प्रशंसा मनापासूनची आहे. त्या वाक्यात नाव मात्र नाही. शिकवणारा गुलाम आणि शिकायला येणाराही गुलाम. पत्रव्यवहार तेवढा दोन माजी राष्ट्राध्यक्षांचा.

९/१३
येथे मराठीचे व्याकरण उपयोगी पडते. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेला मराठी लेख इतिहासप्रेमींना ठाऊक आहेच. चामुंडरायाने मूर्ती 'केली' असे तो म्हणत नाही, 'करवियले' म्हणतो. शिल्पकाराचे नाव त्यातही नाही, हे खरे. पण ते प्रयोजक क्रियापद दुसऱ्या कुणासाठी तरी जागा राखून ठेवते. जेफरसन यांच्या 'मी'मध्ये तेवढीही जागा नाही.

१०/१३
आक्षेप येईल : आजच्या नीतीने दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला का तोलायचे? परंतु प्रश्न नीतीच्या आधी अचूकतेचा आहे. त्याच १८१५ च्या पत्रात, त्याच वाक्यात, 'माझ्या माणसांपैकी एकाला' इंग्रज जाणकाराकडून शिक्षण मिळाल्याचा उल्लेख आहे. पुरावा समकालीन आहे आणि खुद्द जेफरसन यांच्या हातचा आहे. वाक्याचा पूर्वार्ध उचलून उत्तरार्ध गाळणे, याला काळाचे भान म्हणत नाहीत.

११/१३
दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : धान्य, भांडी, ग्रंथ आणि मिलर यांचा सहवास, हे सारे जेफरसन यांनीच उपलब्ध केले. मान्य. त्याचे श्रेय 'करवली' या शब्दात पुरेपूर मिळते. अडचण दफ्तराच्या स्वभावात आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ च्या वहीतील सौम्य बिअरची कृती टिकली, कारण ती कागदावर होती. हेमिंग्ज यांची विद्या हातांत होती; ती मालकाच्या पत्रांतून केवळ डोकावते.

१२/१३
१९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली आणि घरी बिअर तयार करण्यास अमेरिकेत संघीय पातळीवर करमुक्त मुभा मिळाली. घरी पहिले पिंप लावणाऱ्याला तेथे हमखास वॉशिंग्टन-जेफरसन यांचा वारसा सांगितला जातो. वारसा सांगायचाच असेल, तर तो आधी पीटर हेमिंग्ज यांचा सांगावा. प्रौढ वयात नवी विद्या शिकणारा, ती बिनचूक साधणारा आणि इतरांना शिकवू शकणारा माणूस हाच त्या परंपरेचा खरा पूर्वज होय.

१३/१३
जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी निवर्तले. कर्जापायी जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या गुलामांचा लिलाव झाला. ज्यांच्या बुद्धीची ग्वाही एका राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याला दिली होती, ते हेमिंग्जही त्यात होते. एका स्वतंत्र नातेवाइकाने त्यांना १ डॉलरला विकत घेतले आणि पुढे त्यांनी शिंपीकाम करून पोट भरले. यापुढे कुठल्याही पत्रात, बखरीत वा शिलालेखात 'केले' हे क्रियापद भेटले, की वाचकाने एकदा थांबून 'करवले' लावून पाहावे. अर्थ बदलला, तर कर्त्याचा शोध तेथून सुरू होतो.